ब्रूनोची यादी आणि माझ्या टेबलावरची बरणी

भुसावळहून एका भाऊंनी विचारलंय: "घरात दीड वर्षाचा लॅब्राडोर आहे, नाव ब्रूनो, वजन 41 किलो. त्याच्यासाठी दहा हजार रुपये बाजूला काढलेत. थंड गादी, गोचिडांचा पट्टा, शाम्पू आणि अत्तर, पीं-पीं वाजणारी खेळणी, चघळायचं कातडी हाड, कॅल्शियमचं सिरप, जीपीएस पट्टा आणि आपोआप गुंडाळणारी दोरी, अशी यादी झाली आहे. चार बूट आधीच मागवले. यावल रस्त्याला शेत आहे, तिकडेही त्याला नेतो. काय घ्यावं, काय सोडावं?"

भाऊ, जळगाव जिल्ह्यात बावीस वर्षं जनावरांचा दवाखाना चालवतोय. पहिली दहा वर्षं गाई-म्हशींत गेली, आता निम्म्याहून जास्त पेशंट कुत्री. त्यातले ब्रूनो तर इतके, की रजिस्टरात मालकाचं आडनाव लिहिल्याशिवाय ओळख पटत नाही. तुमची यादी वाचून मला एवढंच वाटलं, की ती करणाऱ्यानं भुसावळचा मे महिना पाहिलेला नसावा. आपल्याकडे कुत्र्याच्या जिवावर उठणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे ऊन आणि गोचीड. पैसे आधी तिथे घाला, उरले तर हौस.

यादीत जे नाही ते सगळ्यात आधी घ्या: डिजिटल थर्मामीटर. औषधांच्या दुकानात दीड-दोनशे रुपयांत मिळतो. टोकाला थोडं खोबरेल लावायचं आणि शेपटीखाली इंचभर आत. पहिल्या दिवशी ब्रूनो तुमच्याकडे फार वाईट नजरेनं बघेल, चौथ्या दिवशी विसरेल. नाक गार आहे की कोरडं यावरून ताप कळत नाही. झोपून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचं नाकही कोरडं असतं. नॉर्मल ताप 101 ते 102.5 फॅरनहाइट. 104 दिसला की डॉक्टरांना फोन, आणि उन्हातून आल्यावर 106 दिसला तर फोन करत करतच अंगावर पाणी. रात्री अकराला मला फोन येतो, "डॉक्टरसाहेब, हाऊ काहीच खात नही." त्यावर आकडा सांगणारा माणूस मिळाला की माझं निम्मं काम झालेलं असतं.

आता ती थंड गादी. जेलची गादी विजेवर चालत नाही. ती कुत्र्याच्या अंगातली उष्णता ओढून घेते आणि हळूहळू खोलीत सोडते. म्हणजे खोली कुत्र्यापेक्षा गार असली तरच ती कामाची. कुत्र्याचं अंग 38-39 अंश सेल्सिअस. भुसावळचा पारा मेमध्ये 45 च्या आसपास जातो, पत्र्याच्या पडवीत त्याहून वर. दुपारी चारला ती गादी ब्रूनोला गार करायचं सोडून शेकत बसलेली असते. शिवाय दीड वर्षाचा लॅब्राडोर ती आठवडाभरात फाडून आतलं जेल चाटणार, ते वेगळंच.

त्यापेक्षा कापसाच्या किंवा धान्याच्या व्यापाऱ्याकडून दोन जुनी तागाची बारदानं आणा. धुऊन, ओली करून पिळा आणि घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत शहाबादी फरशीवर अंथरा. कूलरचा झोत त्याच्या उंचीला येईल असा ठेवा. आपला एप्रिल-मे कोरडा असतो, म्हणून पाणी भराभर उडतं आणि उडताना गारवा देतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना येतो तेवढाच. बाकी सगळी भिस्त जिभेवर: धापा टाकायच्या, जिभेवरचं पाणी उडवायचं आणि आत गार रक्त पाठवायचं. जीभ हाच त्याचा कूलर. म्हणूनच मृगाच्या पहिल्या सरीनंतरचा आठवडा मला मेपेक्षा जास्त भीतीचा वाटतो. पारा चार-पाच अंश उतरलेला असतो, लोक निर्धास्त होऊन संध्याकाळी पाचला कुत्र्याला पळवायला नेतात. पण हवा दमट झालेली असते. घरातला कूलर नुसता चिकचिक करतो हे आपल्याला लगेच कळतं. कुत्र्याच्या जिभेचंही तेच झालंय हे लक्षात येत नाही. उन्हाच्या माझ्या दोन सगळ्यात वाईट केसेस जूनमधल्या आहेत, दोन्ही ढगाळ दिवशीच्या.

ऊन लागलेलं कुत्रं ओळखायचं कसं? धापा थांबतच नाहीत, जीभ गडद लाल होऊन लांब लोंबते, लाळ घट्ट तारेसारखी होते, चाल दारू प्यायल्यासारखी होते. अशा वेळी गाडीत घालून दवाखाना गाठायची घाई करू नका. आधी घरीच पाणी. पाइप लावा, बादल्या ओता, पोट आणि जांघा भिजवा, वर फुल पंखा लावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका. पाच मिनिटांत तो गरम होतो आणि उलट उष्णता आत कोंडतो. कुत्रं शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते छातीत जातं. थर्मामीटर 103 वर आला की पाणी थांबवा, नाहीतर ताप खाली घसरतच जातो. मग दवाखान्यात आणा, आणि तोवर उठून शेपटी हलवायला लागलं तरी आणा, कारण मूत्रपिंडाचं आणि रक्त गोठण्याचं दुखणं एक-दोन दिवसांनी डोकं वर काढतं.

उन्हाळ्यात केस भादरायचं मात्र डोक्यातून काढून टाका. ही चूक मी स्वतः केलेली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मालकाच्या आग्रहाखातर एका गोल्डन रिट्रिव्हरला मी गोटा करून दिला होता. पाठीची कातडी उन्हानं सोलली, आणि केस परत आले ते ठिगळं लावल्यासारखे. लॅब्राडोरचा कोट दुहेरी असतो, आतली लव ऊनही अडवते. रोज दहा मिनिटं ब्रश करून गळालेली लव काढा. ब्रश हवा तेवढा चांगला घ्या, तो खर्च वाया जात नाही.

पाण्यासाठी स्टीलचं भांडं घेऊ नका, दुपारी त्यातलं पाणी चहा टाकण्यालायक होतं. फुटलेल्या माठाचं बूड घ्या, कडा दगडावर घासून बोथट करा. जड असतं, उलटत नाही, पाणी गार राहतं. फुकट.

गोचिडांवर जरा सविस्तर लिहितो, कारण लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच पाण्यात जातात. आपल्याकडच्या कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते: पिल्लू असताना, मधल्या वयात आणि मोठी झाल्यावर. प्रत्येक वेळी पोट भरलं की ती खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत जाऊन कात टाकते. शेवटी मादी त्याच भेगेत अंडी घालते, एकेक मादी हजारांनी. म्हणजे ब्रूनोच्या कानात तुम्हाला दहा दिसल्या, तर त्यांची सगळी भावकी घराच्या भिंतीत आहे असं समजा. खेड्यातली आपली धाब्याची घरं, मातीच्या भिंती, गोठ्याला लागून पडवी: गोचिडांना याहून चांगली चाळ कुठे मिळणार! नुसता पट्टा बांधून भिंत तशीच ठेवली तर महिन्याभरात "तुमचं औषध लागू पडत नाही" म्हणत तुम्ही माझ्याकडे परत येता.

तेव्हा दोन्हीकडून करा. कुत्र्यासाठी हल्ली चघळून खायच्या गोळ्या आहेत: अफॉक्सोलेनरची महिनाभर चालते, फ्लुरॅलेनरची जवळपास तीन महिने. वजनाप्रमाणे पाकीट बदलतं, म्हणून आधी वजन करा. ब्रूनोला कधी झटके आले असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण अशा कुत्र्यांत या गोळ्या जपून वापरतात. पट्टाच घ्यायचा असेल तर पाकिटावर औषधाचं नाव, बॅच आणि मुदत वाचा. "हर्बल" एवढंच लिहिलेले रंगीत पट्टे मी कितीतरी पाहिलेत, त्यांच्यावर गोचीड आरामात बसलेली असते. मानेवर थेंब टाकायचं औषध आणणार असाल आणि घरात मांजर असेल, तर परमेथ्रिनचं आणू नका. कुत्र्याला ते चालतं, त्याला चाटणारी मांजर दगावते. घरासाठी: भेगा सिमेंटनं बुजवा, चुना मारा, त्याचं अंथरूण आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढा. आणि हे सलग तीन-चार महिने, कारण भिंतीतली नवी पिढी टप्प्याटप्प्यानं बाहेर येत राहते.

एक मात्र हात जोडून सांगतो. कपाशीवर फवारायचं औषध कुत्र्याच्या अंगाला लावू नका. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात, घरोघरी फवारणीचा पंप बाहेर असतो तेव्हा, असा एक तरी पेशंट येतो. "बादलीत फक्त झाकणभर टाकलं होतं साहेब." कुत्र्याच्या तोंडातून लाळेची धार, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, मांड्यांचे स्नायू फडफडतायत. असं झालंच तर साबणानं भरपूर पाण्यात धुवा, हातात मोजे घाला आणि औषधाची बाटली सोबत आणा. लेबल पाहून अ‍ॅट्रोपिन हा उतारा द्यायचा का ते ठरवता येतं.

गोचीड नुसती रक्त पीत नाही, ती ताप देऊन जाते. मागच्या वर्षी एप्रिलात एक आजोबा नातवाच्या स्कूटरवर मागे बसून अल्सेशियन घेऊन आले, मांडीवर आडवा. पांढऱ्या धोतरावर रक्ताचे डाग. "उष्णतेनं घोळणा फुटला त्याचा, दोन दिवस कांद्याचा रस पाजतोय, थांबत नाही." मी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या: पांढऱ्याफटक, त्यावर लाल ठिपके. पोटाच्या कातडीवरही तेच. रक्त तपासलं तर प्लेटलेट वीस हजारांच्या खाली, कुत्र्यात त्या दीड-दोन लाखांच्या वर असाव्या लागतात. गोचिडांतून आलेला एर्लिकियाचा आजार होता. वर कांदा! माणसाच्या घोळण्यावर आपण कांदा हुंगायला देतो, पण कुत्र्याच्या पोटात गेलेला कांदा त्याच्या तांबड्या पेशी फोडतो. एका बाजूनं रक्त गळत होतं, दुसऱ्या बाजूनं घरचा उपाय ते आतल्या आत संपवत होता. डॉक्सिसायक्लिनचा चार आठवड्यांचा कोर्स केला, कांदा बंद केला, कुत्रं वाचलं. आजोबा अजूनही म्हणतात ऊनच होतं. असो.

यावरून आठवलं: घरातली शेवभाजी, काळ्या मसाल्याचा रस्सा, भरीत यातलं काहीही त्याच्या भाकरीवर ओतू नका. सगळ्यात कांदा-लसूण असतो. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेटही नको. आणि ताप आला म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन तर कधीच देऊ नका.

आता खेळणी. माझ्या टेबलावर काचेची एक बरणी आहे, लोणच्याची असते तशी. कुत्र्यांच्या पोटातून ऑपरेशन करून काढलेल्या वस्तू मी धुऊन त्यात ठेवतो. एक मोजा, दाणे खाल्लेल्या मक्याच्या कणसाचा तुकडा, पीं-पीं खेळण्याच्या आतली प्लास्टिकची शिट्टी, नाडीची गुंतवळ, आणि आंब्याच्या तीन कोयी. कोयी तिन्ही आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या. घरात आमरस, खापरावरची पुरणपोळी, पाहुणे, आणि कोयींची पाटी मागच्या दारी. कुत्रं चोखायला घेतं आणि कोणी हिसकायला गेलं की पटकन गिळून टाकतं. पुढे दोन-तीन दिवस ओकाऱ्या होतात. लोक समजतात पुरणपोळी बाधली.

खेळणं निवडताना ही बरणी डोळ्यांसमोर ठेवा. ब्रूनोच्या तोंडात पूर्ण मावेल असं काही नको. लहान रबरी चेंडू घशात अडकून मिनिटांत जीव जातो. अंगठ्याचं नख दाबून पाहा. खेळणं थोडं दबलं पाहिजे. दगडासारखं कडक असेल तर मागची दाढ चिरते. त्याच कारणानं शिजवलेलं हाडही नको, त्याच्या तर सुया होतात. कातडी हाड लॅब्राडोर चघळत बसत नाही, मऊ झालं की अख्खं गिळतो, म्हणून यादीतून खोडा. दोरीचं खेळणं तुम्ही समोर असताना ओढाओढीला छान, नंतर खुंटीवर. पीं-पीं वाजणारं आणायचंच असेल तर आणा, मजा येते, पण शिट्टी बाहेर निघाल्या दिवशी फेकून द्या. तुमच्या पैशांतून एकच महाग खेळणं घ्यायचं तर पोकळ, जाड, दबणाऱ्या रबराचं घ्या, दोन्ही बाजूंनी भोक असलेलं. एकाच बाजूनं भोक असलं तर जीभ आत अडकून बसते. त्यात ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून भरायची, बिनमिठाच्या, आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचं. मेमधल्या दुपारी ब्रूनो त्याच्यामागे तासभर लागलेला असेल.

बिनपैशाचा खेळ याहून भारी आहे. एखादं जुनं बारदान घ्या, त्यात चिंध्या आणि कागदाचे बोळे भरा, मध्ये केळीचे चार तुकडे लपवा आणि तोंड उघडं ठेवून त्याच्यापुढे टाका. नाकानं शोधताना कुत्रं जेवढं दमतं तेवढं एका किलोमीटरच्या फेरीनंही दमत नाही, आणि कूलरसमोर बसून होतं. केळी आपल्याकडे काय कमी आहेत! फक्त चारच तुकडे, कारण आता वजनाकडे येतोय.

41 किलो जास्त आहे, भाऊ. नर लॅब्राडोर साधारण 29 ते 36 किलोचा असावा. फासळ्यांवरून हात फिरवा: सपाट धरलेल्या पंजाच्या मागच्या बाजूच्या हाडांसारख्या लागल्या तर ठीक, गादीसारखं लागलं तर चरबी. दोष तुमच्या एकट्याचा नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिलं, की चारातल्या जवळपास एका लॅब्राडोरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो, त्याला पोट भरल्याचं नीट कळत नाही. अमेरिकेत 48 लॅब्राडोर जन्मभर सांभाळून एक प्रयोग झाला होता. निम्म्यांना बाकीच्यांपेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिलं. त्यांचं मध्यम आयुष्य 13 वर्षं भरलं, बाकीच्यांचं 11.2. तेव्हा कॅल्शियमचं सिरप रद्द. वाढत्या मोठ्या जातीच्या पिल्लाला जादा कॅल्शियम सांध्यांना बाधतं, आणि दीड वर्षाच्या कुत्र्याला पोटभर संतुलित अन्न मिळत असेल तर त्याची गरज नाही. त्याऐवजी आजीच्या काळचं मापटं असेल तर काढा आणि रोजचं अन्न मोजून घाला. जाड कुत्र्याला ऊनही लवकर लागतं.

शाम्पू कुत्र्याचाच घ्या, साधा, वासाशिवायचा. तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक ओतू नका. अत्तर तुमच्यासाठी आहे, त्याच्या नाकाला तो छळ आहे.

आपोआप गुंडाळणारी दोरी नको. बारीक दोरीनं मांडी कापलेली माणसं पाहिलीत मी, आणि समोर भटकी टोळी आली की पंधरा फूट लांब गेलेल्या 41 किलोला आवरणार कसं? पाच-सहा फुटांची साधी जाड दोरी आणि छातीवर इंग्रजी वायसारखा बसणारा हार्नेस घ्या. गळ्यातला पट्टा दोन बोटं आत जातील एवढाच घट्ट. त्यावर जीपीएसपेक्षा आधी मोबाइल नंबर. बाजारात भांड्यांवर नावं घालणारा बसतो ना, त्याच्याकडून पितळी चकतीवर दहा आकडे कोरून घ्या. त्याला बॅटरी लागत नाही, आणि सातपुड्याच्या पायथ्याला रेंज गेली तरी चालतो.

शेतावर नेता म्हणून सांगतो: यावल, रावेर, चोपडा भागात बिबट्या आहे. रात्री बाहेर साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे ताटात वाढलेलं. मेंढपाळ आपल्या कुत्र्यांना लोखंडी खिळ्यांचे पट्टे घालतात, ते मोकळ्या, राखणीच्या कुत्र्यांना. ब्रूनोला रात्री दाराआड घ्या, एवढं पुरे. दिवसाही सतत बांधून ठेवू नका. कायम साखळीला बांधलेल्या कुत्र्याला फिरवलं नाही तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तो गुन्हा आहे. केळीच्या बागेत साप चावला तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, चालवू नका, उचलून आणा.

रेबीजची लस तुमच्या यादीत नाही, ती झाली असेल असं धरतो. झाली नसेल तर दहा हजारांतले पहिले तीन-चारशे तिकडे.

आणि ते चार बूट. आपला डांबरी रस्ता मेमध्ये सूर्य बुडाल्यावरही तास-दोन तास तापलेला असतो. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवा. सात आकडे मोजेपर्यंत ठेववत नसेल, तर बूट घालून नेण्याऐवजी पहाटे साडेपाचला न्या. बुटात तळव्यांचा उरलासुरला घामही कोंडतो. परत पाठवायची मुदत संपली नसेल तर आजच पाठवा. संपली असेल तर एक जपून ठेवा, पंजाला काच लागून ड्रेसिंग केलं की वरून घालायला बरा पडतो. उरलेले तीन घरात पडू देऊ नका, ब्रूनो खाईल.